नोकरी बदलणे : स्वधर्मत्याग की स्वधर्मपालन ?

वर्षारंभ हा हिंदू गृहस्थाच्या जीवनात संकल्पाचा काळ होय. महाराष्ट्रात व आंध्रात चैत्र शुद्ध प्रतिपदेस, गुजरातेत कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, तमिळनाडूत व बंगालात मेष संक्रान्तीच्या सुमारास नवे वर्ष लागते. व्यवहारात १ जानेवारीस दिनदर्शिका बदलते आणि १ एप्रिलपासून कचेऱ्यांचे व पेढ्यांचे हिशेबी वर्ष सुरू होते. प्रारंभ कोणताही असो, त्या दिवसांत अनेक घरांत एकच विचार डोके वर काढतो : चालू नोकरी सोडून दुसरी पाहावी काय ? वेतनवाढ अपेक्षेप्रमाणे झालेली नसते. वरिष्ठांशी पटत नसते. मुलांच्या शिक्षणाचा खर्च वाढलेला असतो, किंवा वृद्ध मातापिता दूर गावी एकाकी असतात. रात्री मुले झोपल्यावर पतिपत्नी हलक्या आवाजात जमाखर्च मांडतात आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ज जाऊ लागतात.

हा गृहस्थ जर गीतेचा नित्य पाठ करणारा असेल, तर त्याच्या मनात एक वेगळीच शंका उभी राहते. तिसऱ्या अध्यायाच्या ३५ व्या आणि अठराव्या अध्यायाच्या ४७ व्या श्लोकात भगवंतांनी स्वधर्म सदोष असला तरी तोच श्रेयस्कर, असे सांगितले आहे. मग हाती असलेले काम सोडून दुसरे शोधणे हा परधर्माचा मोह तर नव्हे ना ? दुसऱ्या अध्यायाच्या ४७ व्या श्लोकात फलावरील अधिकार नाकारला आहे. मग अधिक वेतनाची इच्छा धरणे ही फलाशाच नव्हे काय ? उलट पक्षी, असाही मनुष्य आढळतो की जो सहा वर्षांत सहा नोकऱ्या सोडतो आणि त्या चांचल्याला अनासक्ती असे नाव देतो. एक जण गीतेचा आधार घेऊन जेथे खोट्या हिशेबावर सही करावी लागते तेथेच खितपत राहतो. दुसरा तिचाच आधार घेऊन कोठेही स्थिर होत नाही. दोघांच्याही मागे चार-पाच माणसांचे अन्न अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाही, तो गृहस्थाश्रमाच्या मुळाशी भिडणारा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गीता ज्याला सांगितली गेली, तो स्वतःच त्या क्षणी आपली वृत्ती सोडू पाहत होता. दुसऱ्या अध्यायाच्या ५ व्या श्लोकात अर्जुन गुरुजनांचा वध करण्यापेक्षा भिक्षान्नावर जगण्याची भाषा बोलतो. आजच्या शब्दांत सांगावयाचे तर, तो आपल्या कामाचा राजीनामा देऊन दुसऱ्या प्रकारे उदरनिर्वाह करण्यास सिद्ध झाला होता. भगवंतांनी तो राजीनामा स्वीकारला नाही. एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की गीतेला वृत्तिबदल मान्यच नाही. परंतु महाभारताची पाने थोडी मागे उलटली म्हणजे हा निष्कर्ष टिकत नाही. गीता भीष्मपर्वात येते. त्याच्या आधी उद्योगपर्व आहे आणि त्याच्याही आधी विराटपर्व. त्या विराटपर्वात हाच अर्जुन एका वर्षाच्या आरंभी, आपल्या बंधूंसह आणि पत्नीसह, परक्या राज्यात नोकरी शोधण्यास निघालेला दिसतो. तेथे त्याने गांडीव बाजूस ठेवले, बांगड्या घातल्या आणि नृत्यशिक्षकाचे काम पत्करले. त्या वेळी धर्माचा लोप झाला असे कोणी म्हटले नाही. एकाच पुरुषाने दोन वेळा क्षात्रकर्म सोडण्याचा विचार केला. एकदा ते धर्म्य ठरले, एकदा ते निषिद्ध ठरले. या दोहोंमधील भेद ज्याला कळला, त्याला वर उपस्थित केलेल्या शंकेचे उत्तर सापडले असे समजावे.

विराटपर्वाचा आरंभ या दृष्टीने पुनःपुन्हा वाचण्यासारखा आहे. बारा वर्षांचा वनवास संपला होता आणि तेरावे वर्ष अज्ञातवासात काढावयाचे होते. पांडव एकत्र बसले आणि प्रथम प्रश्न निघाला तो स्थळाचा. अर्जुनाने पांचाल, चेदि, मत्स्य, शूरसेन, दशार्ण इत्यादी अनेक देशांची नावे सांगितली. युधिष्ठिराने त्यांतून मत्स्य देश निवडला. त्याची कारणे कोणती ? विराट हा वयोवृद्ध, धर्मशील व उदार आहे आणि पांडवांविषयी त्याच्या मनात प्रीती आहे. वेतन किती मिळेल, याचा विचार पहिला नव्हता. ज्याच्याकडे राहावयाचे तो कसा आहे, याचा विचार पहिला होता. आज नोकरी शोधणारा मनुष्य जाहिरातीत प्रथम आकडा पाहतो आणि मालकाचा स्वभाव महिन्यादोन महिन्यांनी अनुभवाने जाणतो. हा क्रम उलटा आहे.

स्थळ ठरल्यावर कामाचा प्रश्न आला. प्रत्येकाने आपणास जे खरोखर येत होते तेच काम निवडले. युधिष्ठिराने अक्षविद्या बृहदश्व ऋषींकडून मिळविली होती, म्हणून तो कंक या नावाने राजाचा सभासद झाला. भीमाचे पाककौशल्य घरचेच होते, तो बल्लव झाला. अर्जुनाने गायन-नृत्य चित्रसेन गंधर्वाकडून शिकून घेतले होते, तो बृहन्नडा झाला. नकुलाने अश्व सांभाळले, सहदेवाने गाई. द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेकडे गेली. पण तिने आरंभीच आपल्या अटी स्पष्ट केल्या. उष्टे खाणार नाही आणि कोणाचे पाय धुणार नाही. काल जी सम्राज्ञी होती, तिने आज केशरचनेचे काम पत्करले. कामाची लाज तिने धरली नाही, परंतु मर्यादाही सोडली नाही. ज्या घरांत आज स्त्रियाही अर्थार्जनासाठी बाहेर पडतात, त्या घरांनी हा प्रसंग विशेष लक्षात ठेवावा. गरज आहे म्हणून कोणतीही अट मान्य करावी, असा धर्म नाही.

निघण्यापूर्वी पुरोहित धौम्यांनी त्यांना राजसेवेविषयी उपदेश केला. त्याचा आशय आजच्या कोणत्याही कचेरीत लागू पडेल असा आहे. अनुज्ञेवाचून आत शिरू नये. दुसरा ज्या आसनाची इच्छा धरतो त्यावर बसू नये. न विचारता बोलू नये. आपल्या शौर्याची वा बुद्धीची बढाई मारू नये. कामावर नेमले असता तेथील द्रव्याला हात लावू नये. ज्या पांडवांनी राजसूय यज्ञ केला होता, त्यांना सेवकाचे वर्तन शिकून घ्यावे लागले आणि त्यांनी ते नम्रपणे शिकून घेतले. एका जागी मोठा असलेला मनुष्य दुसऱ्या जागी नवखा असतो. वीस वर्षांच्या अनुभवाचा अभिमान घेऊन जो नव्या दारात उभा राहतो, त्याने हा प्रसंग आठवावा.

आता दोन्ही प्रसंगांची तुलना करावी. मत्स्य देशी जाताना अर्जुनाने वृत्ती बदलली ती दिलेला शब्द पाळण्यासाठी. विचार आधी झाला, ज्येष्ठांची संमती घेतली गेली, पुरोहितांचा उपदेश ऐकला गेला, कामाची पात्रता तपासली गेली आणि मग पाऊल उचलले गेले. कुरुक्षेत्रावर मात्र निर्णय आधी झाला आणि युक्तिवाद मागाहून आले. अंगाला कंप सुटला, धनुष्य हातातून गळू लागले, आणि त्यानंतर कुलधर्म, वर्णसंकर, भिक्षान्न या गोष्टी सुचू लागल्या. शोकाने आधीच जे ठरविले होते, त्याला बुद्धीने धर्माचे वस्त्र नेसविले. पहिला बदल कर्तव्यासाठी होता, दुसरा कर्तव्यापासून दूर जाण्यासाठी होता. पहिल्यात स्वधर्म अर्जुनाबरोबर नृत्यशाळेतही गेला. दुसऱ्यात तो रणांगणावरच टाकून दिला जाणार होता. म्हणूनच अठराव्या अध्यायाच्या ५९ व ६० या श्लोकांत भगवंत बजावतात की, अहंकाराने युद्ध न करण्याचे ठरविलेस तरी तुझा स्वभाव तुला त्याच कर्माकडे ओढील. भिक्षापात्र हाती घेतलेला अर्जुन आतून क्षत्रियच राहिला असता.

यावरून स्वधर्म म्हणजे अमुक पद, अमुक कचेरी किंवा अमुक मालक नव्हे, हे उघड होते. पाणी आणि पात्र यांचा जो संबंध, तोच स्वधर्म आणि नोकरी यांचा. पात्र फुटके असेल तर पाणी दुसऱ्या पात्रात ओतावे लागते; त्यात पाण्याचा त्याग होत नाही, रक्षणच होते. गृहस्थाचा स्वधर्म कोणता ? आश्रितांचे पोषण, प्रामाणिक श्रम, आणि आपल्या स्वभावात जी शक्ती आहे तिचा लोकांसाठी विनियोग. अठराव्या अध्यायात कर्माला स्वभावाशी जोडले आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पूर्वी वृत्ती जन्माने बांधलेली असे आणि कित्येकांना त्या बंधनाने कायमचे अपमानित जीवन कंठावे लागले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारताच्या संविधानाने १६ व्या अनुच्छेदात सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिली, आणि १९ व्या अनुच्छेदाने कोणताही व्यवसाय वा धंदा करण्याचा हक्क नागरिकास दिला. आज वृत्तीची निवड प्रत्येकाच्या हाती आली आहे. परंतु स्वातंत्र्य आले की जबाबदारीही येते. पूर्वी परंपरा जे ठरवीत असे, ते आज प्रत्येकाने आपल्या स्वभावाचे परीक्षण करून ठरवावयाचे आहे.

हे परीक्षण कसे करावे ? अठराव्या अध्यायाच्या ७ ते ९ या श्लोकांत त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. राजीनामा लिहिण्यापूर्वी गृहस्थाने त्या तीन प्रकारांच्या आरशात आपले मन पाहावे.

पहिला त्याग तामस, मोहाने केलेला. शेजारच्याने नोकरी बदलली, मेहुण्याला परदेशी जागा मिळाली, सर्व जण वर्षारंभी हालचाल करीत आहेत, म्हणून आपणही करावी. यात स्वतःचा विचार नाही, केवळ अनुकरण आहे. असा मनुष्य एका वर्षाने नव्या जागीही तितकाच असमाधानी असतो, कारण तेथेही शेजारी असतोच.

दुसरा त्याग राजस, कष्टाच्या भयाने केलेला. काम कठीण आहे, वरिष्ठ चुका दाखवितो, नवे तंत्र शिकावे लागते, म्हणून सुटका हवी. येथे मनुष्याने स्वतःस एक प्रश्न विचारावा : ज्या गोष्टीचा कंटाळा आला आहे ती या कचेरीची आहे की कामाचीच आहे ? शिस्त, परिश्रम आणि टीका ही कोणत्याही नोकरीत बरोबर येणार. त्यांच्यापासून पळणाऱ्याला बारा गावचे पाणी पिऊनही तहान राहते.

तिसरा त्याग सात्त्विक. त्यात कर्तव्य सुटत नाही; सुटते ती आसक्ती. वृद्ध पित्याच्या सेवेसाठी मोठ्या शहरातील मोठा पगार सोडून गावाजवळ लहान जागा घेणारा, खोटे करण्याचा आग्रह झाला म्हणून बाहेर पडणारा, किंवा आपल्या अंगचे कौशल्य जेथे गंजत आहे तेथून ते उपयोगी पडेल तेथे जाणारा, हे सर्व नोकरी बदलतात, पण स्वधर्म सोडीत नाहीत. मुलांच्या पोषणास सध्याचा पगार पुरत नाही म्हणून अधिक वेतनाची जागा शोधणाराही यांतच येतो. वेतन हे श्रमाचे ठरलेले मूल्य आहे, ते मागणे म्हणजे लोभ नव्हे. कुटुंब उपाशी ठेवून निष्काम म्हणविणे हे गीतेला अभिप्रेत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या ८ व्या श्लोकात कर्मावाचून शरीरयात्राही चालणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. लोभ सुरू होतो तो पुरेसे मिळाल्यानंतर, आणि विशेषतः मिळणाऱ्या पैशासाठी बोलण्याचे स्वातंत्र्य गहाण पडते तेव्हा.

या गहाणाचे सर्वांत करुण उदाहरण द्रोणाचार्यांचे आहे. त्यांचा नोकरीचा शोध निर्मळ हेतूने सुरू झाला होता. लहानग्या अश्वत्थाम्याने श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहिले आणि तो दुधासाठी रडू लागला. इतर मुलांनी त्याला पिठाचे पाणी दिले, आणि आपणास दूध मिळाले या आनंदात ते बालक नाचू लागले. हे पाहून कोणत्या पित्याचे हृदय विदीर्ण होणार नाही ? द्रोण बालमित्र द्रुपदाकडे गेले. तेथे त्यांचा अपमान झाला. तेव्हापासून शोधाचा हेतू बदलला. दुधाच्या ठिकाणी सूड आला. हस्तिनापुरास आचार्यपद मिळाले, मान मिळाला, शिष्यांकरवी द्रुपदास बांधून आणून त्याचे अर्धे राज्यही घेता आले. पण पुढे काय झाले ? गीतोपदेश संपल्यावर लगेच, भीष्मपर्वातच, युधिष्ठिर शस्त्र खाली ठेवून पायी वडीलधाऱ्यांकडे अनुज्ञा मागण्यास जातो. त्या वेळी भीष्म आणि द्रोण त्याला सांगतात की धर्म कोणाकडे आहे हे आम्हांस कळते, पण कौरवांच्या अर्थाने आम्ही बांधले गेलो आहोत. एवढा ज्ञानी आचार्य, पण अन्नदात्याला नाही म्हणण्याची शक्ती त्याच्यात उरली नव्हती.

आजच्या गृहस्थाने यातून एक व्यावहारिक बोध घ्यावा. अधर्म करण्यास नकार देण्याचे बळ केवळ धैर्यातून येत नाही, ते मितव्ययातूनही येते. ज्याचा पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच घराच्या, वाहनाच्या आणि चैनीच्या वस्तूंच्या हप्त्यांत संपतो, त्याला नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य नसते. मग ती कितीही अन्याय्य असो. म्हणून वर्षारंभी जो दुसरी जागा शोधू लागतो, त्याने त्याच दिवशी अनावश्यक खर्चही कमी करावा. चार-सहा महिन्यांच्या निर्वाहापुरती शिल्लक घरात असली, तर नवी जागा निवडताना मन दीन होत नाही आणि जुन्या जागी सत्य बोलताना जीभ अडखळत नाही.

पुढचा प्रश्न सत्याचा. अर्जात अनुभव वाढवून लिहिणे, न केलेल्या कामाचे श्रेय घेणे, पूर्वीचा पगार फुगवून सांगणे, एका ठिकाणी शब्द देऊन दुसऱ्या ठिकाणी अधिक मिळते का हे चाचपत राहणे, या गोष्टी आता इतक्या सामान्य झाल्या आहेत की त्यांत कोणाला दोष दिसेनासा झाला आहे. कोणी म्हणेल, पांडवांनीही नावे बदललीच होती. हा आक्षेप टाळून चालणार नाही. त्यांनी नाव आणि कुळ लपविले, एवढेच नव्हे तर दुसरे नाव सांगितले, हे खरे आहे. परंतु ते गोपन द्यूतात उघडपणे ठरलेल्या अटीचाच भाग होते, आणि अज्ञात राहण्याचा वर त्यांना साक्षात् धर्माने दिला होता. शिवाय ज्या गुणांवर त्यांनी काम मागितले ते गुण खरे होते. सहदेवाने गाईंचे जे ज्ञान सांगितले ते त्याच्यापाशी होते. बृहन्नडेचे नृत्यगायन परीक्षेत उतरले. राजा विराटाने तर प्रत्येकाला मागितल्याहून अधिक देऊ केले, तरी त्यांनी मागितलेलेच काम घेतले. असा वर आणि अशी अट ज्याच्यापाशी नाही, त्याने पांडवांचे नाव घेऊन खोटा अनुभव लिहू नये. घरची अडचण मुलाखतीत सांगितली नाही, तर ते मौन होय. पण जे येत नाही ते येते असे लिहिले, तर ती चोरी होय. त्या जागेवर ज्याचा खरा अधिकार होता, अशा कोणा अनोळखी गृहस्थाच्या घरचे अन्न त्यातून हिरावले जाते.

जुनी जागा सोडण्याची रीतही धर्माचाच भाग आहे. बहुतेक ठिकाणी राजीनाम्यानंतर ठरावीक मुदतीपर्यंत काम करावे लागते. त्या मुदतीत मनुष्याचे खरे रूप दिसते. शरीर खुर्चीत आणि मन नव्या कचेरीत, असे दिवस तो ढकलतो, किंवा निघण्यापूर्वी जुन्या उण्यादुण्यांची वसुली करतो. पांडवांनी काय केले ? अज्ञातवासाची मुदत संपण्याच्या सुमारास त्रिगर्तांनी आणि कौरवांनी विराटाच्या गाई हरण केल्या. पांडव तटस्थ राहू शकले असते. पण त्यांनी धन्याला शत्रूच्या हातून सोडविले आणि अर्जुनाने एकट्याने कौरवसेना परतवून गाई परत आणल्या. घेतलेल्या अन्नाचे ऋण फेडून ते बाहेर पडले. पुढे ओळख प्रकट झाल्यावर विराटाने आपली कन्या उत्तरा अर्जुनास देऊ केली. अर्जुनाने तिला पत्नी म्हणून नव्हे, अभिमन्यूची वधू म्हणून स्वीकारले. कारण वर्षभर ती त्याच्याजवळ विद्यार्थिनी म्हणून, पित्याजवळ राहावे तशी विश्वासाने राहिली होती. नोकरी संपली, पण त्या नोकरीतून मिळालेल्या विश्वासाचा त्याने लाभ उठविला नाही. जुन्या मालकाची गुपिते, ग्राहकांच्या याद्या, सहकाऱ्यांच्या दुर्बलता ज्याच्या हाती आहेत, त्याने नव्या जागी स्वतःचे मोल वाढविण्यासाठी त्यांचा उपयोग करावा काय, याचे उत्तर या प्रसंगात आहे.

आता सर्वांत कठीण भाग, प्रतीक्षेचा. अर्ज जातात, उत्तर येत नाही. मुलाखत चांगली होते, पुढे काहीच कळत नाही. ज्याच्या हाती नोकरी आहे त्याला हे सुसह्य असते. परंतु ज्याची नोकरी गेलेली आहे त्याला एकेक दिवस युगासारखा वाटतो. सकाळी शेजारी कामावर निघतात तेव्हा त्याला खिडकीशी उभे राहवत नाही. नातलग सहज विचारतात आणि तो सहज प्रश्न काट्यासारखा रुततो. अशा मनुष्याने अठराव्या अध्यायाचा १४ वा श्लोक जवळ ठेवावा. तेथे कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध प्रयत्न आणि पाचवे दैव. नोकरी मिळण्यास देश-काल अनुकूल लागतो, मनुष्य स्वतः पात्र लागतो, विद्या व साधने लागतात, वारंवार प्रयत्न लागतात. आणि इतके होऊनही असे काही उरते की जे कोणाच्या हाती नसते. जागाच रद्द होते, किंवा आधीच कोणी ठरलेला असतो. त्यापुढील १६ व्या श्लोकात, जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी अपुरी आहे, असे सांगितले आहे. हा उपदेश बहुधा यशाने फुगलेल्या माणसासाठी आहे असे समजले जाते. वस्तुतः तो अपयशाने खचलेल्या माणसासाठीही तितकाच आहे. सर्व यश ज्याप्रमाणे एकट्याचे नसते, त्याप्रमाणे सर्व अपयशही एकट्याचे नसते. नकाराचे पत्र आले म्हणून मनुष्य नालायक ठरत नाही.

परंतु याच श्लोकातून आळसाला आधार मिळत नाही. पाचांतील एक दैव आहे, चार नव्हेत. उरलेल्या चारांचा विचार मनुष्याने करावयाचाच आहे. नवी विद्या शिकावी, अर्ज नीट लिहावा, ओळखीच्या सज्जनांना विचारण्यात संकोच करू नये, आणि नोकरी देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. नोकरी नसलेल्या पुरुषास वा स्त्रीस रोज सायंकाळी निकाल विचारू नये. त्याला घरातील एखादे काम द्यावे, मुलांचा अभ्यास त्याच्याकडे सोपवावा, आणि पानात पूर्वीइतक्याच आदराने वाढावे. ज्याचा मान घरात शाबूत असतो तो बाहेर ताठ उभा राहू शकतो.

ज्यांना परिस्थितीमुळे नोकरी बदलताच येत नाही, त्यांनी वनपर्वातील धर्मव्याधाची कथा मनात आणावी. मिथिलेतील त्या मांसविक्रेत्याला आपल्या धंद्याची घोरता ठाऊक होती, तो ती लपवीत नव्हता. तरीही व्यवहारातील सचोटी आणि मातापित्यांची सेवा यांच्या योगाने तो इतका उंच गेला की कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकण्यास आला. बदल शक्य असेल तेव्हा तो विचाराने करावा. शक्य नसेल तेव्हा आहे त्या ठिकाणी जेवढा धर्म पाळता येतो तेवढा पाळावा.

शेवटी, नवी जागा मिळाली तरी ती निर्दोष असेल अशी अपेक्षा धरू नये. अठराव्या अध्यायाच्या ४८ व्या श्लोकात अग्नी आणि धूर यांच्या दृष्टान्ताने, सर्वच आरंभ दोषाने वेढलेले असतात, असे म्हटले आहे. पांडवांनी एवढ्या विचाराने निवडलेला विराटही अशा दोषांपासून मुक्त नव्हता. कीचकाने भर सभेत सैरंध्रीला लाथ मारली तेव्हा तो गप्प राहिला. कंकाने बृहन्नडेची स्तुती केली म्हणून त्याने रागाने फासा फेकून मारला आणि युधिष्ठिराच्या नाकातून रक्त आले. ते भूमीवर पडू नये म्हणून सैरंध्रीने सुवर्णपात्रात झेलले. चांगला धनीही क्वचित् असा वागतो. मनुष्याने अन्याय ओळखावा, आपल्या अटी राखाव्यात, पण धूर दिसताच प्रत्येक वेळी चूल सोडून पळू नये.

धार्मिक कृत्याच्या आरंभी संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष व तिथी यांचा उच्चार करून मनुष्य संकल्प सोडतो. आपण कोठे उभे आहोत, कोणत्या काळी उभे आहोत आणि काय करणार आहोत, हे तो देवासमोर निश्चित करतो. वर्षारंभी नोकरीच्या शोधास निघालेल्या गृहस्थाने असाच संकल्प करावा. मी कोणासाठी शोधतो आहे, कशापासून दूर जातो आहे आणि कशाकडे जातो आहे, ही तीन उत्तरे त्याने प्रथम स्वतःस द्यावीत. ती देवापुढे निःसंकोच उच्चारण्यासारखी असतील, तर त्याने निर्भयपणे अर्ज करावा. फल आले तर कृतज्ञतेने घ्यावे, न आले तर पुन्हा प्रयत्न करावा. पात्र बदलले तरी आतील पाणी तेच राहील याची काळजी घेणे, एवढेच त्याच्या हाती आहे. आणि एवढे ज्याने सांभाळले, त्याचा स्वधर्म कोणत्याही कचेरीत, कोणत्याही गावी, अखंडित राहतो.